कोविड-१९ काळातील ग्रामीण विलगीकरण : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

कोविड-१९ च्या साथीत सर्वसामान्य माणसाच्या कानावर सर्वाधिक वेळा पडलेली सूचना म्हणजे 'घरीच थांबा' ही होय. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग अधिनियम राज्यात लागू केला. २२ मार्चचा जनता कर्फ्यू व २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी यांनी घर हेच साथ नियंत्रणाचे केंद्र ठरविले. पुढे १० मे २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सौम्य लक्षणांच्या रुग्णांना गृह विलगीकरणाची मुभा दिली. मात्र तीस एक अट होती. रुग्णास स्वतंत्र राहता येईल व घरातील इतरांनाही वेगळे राहता येईल, अशी सोय त्या घरात असावी. ही अट वाचताना डोळ्यांसमोर येते ते शहरातील सदनिकेचे चित्र. मराठवाड्यातील खेड्यात ती अट कशी पाळली गेली, कोठे मोडली आणि तिला कोणता पर्याय शोधला गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाधित व्यक्तीस इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे विलगीकरण. बाधिताच्या संपर्कात आलेल्या, पण अद्याप निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीस काही दिवस दूर ठेवणे म्हणजे अलगीकरण. वर्तमानपत्रांनी हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले. लोकांनी तर दोहोंसाठी 'क्वारंटाइन' हा एकच शब्द स्वीकारला. शब्दांच्या या सरमिसळीमुळे निरोगी परतलेला मजूर व तापाने फणफणलेला रुग्ण यांच्याकडे गाव एकाच नजरेने पाहू लागले, हा त्यातील गंभीर भाग होय.

मराठवाड्यातील घर व विषाणूचा प्रसार :

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, तर लातूर जिल्ह्याची २४ लाख ५४ हजार आहे. दोन्ही जिल्ह्यांत दर चार माणसांपैकी साधारण तीन माणसे खेड्यात राहतात. या खेड्यांतील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. पुढे ढेलज, मग अंगण, त्यापुढे ओसरी आणि आत अंधारे माजघर अशी त्याची रचना असते. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान, किंबहुना अनेकदा नसतातच. माळवदाची जागा पत्र्यांनी घेतली तरी खोल्यांची संख्या फारशी वाढली नाही. एका-दोन खोल्यांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचा वावर, एकच न्हाणी, एकच संडास आणि पाण्याचा एकच रांजण. अशा घरात 'स्वतंत्र खोली' कोणती मानावयाची?

या रचनेचा विषाणूशी थेट संबंध आहे. कोरोना विषाणू बोलताना, खोकताना व श्वास सोडतानाही सूक्ष्म तुषारांवाटे बाहेर पडतो. बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत हे तुषार बराच काळ तरंगत राहतात. लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना बाधा देऊ शकतो. म्हणजे तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत माजघरात झोपणारे सर्वच जण त्याच्या संपर्कात आलेले असत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, ज्या विषाणूस पुढे 'डेल्टा' हे नाव मिळाले त्या अधिक वेगाने पसरणाऱ्या प्रकारामुळे घरातील एकामागून एक माणूस आजारी पडण्याचा अनुभव सार्वत्रिक झाला. मार्च २०२१ च्या अखेरीस देशातील सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत पुणे, मुंबई, नागपूर यांच्यासोबत नांदेडचे नाव होते. २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या काळात नांदेड जिल्ह्यात स्वतंत्र टाळेबंदी करावी लागली.

वेशीवरील काटेरी फांद्या :

पहिल्या लाटेत गावांनी जे केले त्याची तुलना दुसऱ्या लाटेतील प्रयोगाशी करणे उद्बोधक ठरते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये राज्यातील अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते बंद केले. पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच माणसांना गावाने जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा रानात थांबविले. एप्रिल २०२० मध्ये निलंगा येथे परराज्यातून आलेल्या प्रवाशांपैकी ८ जण बाधित आढळले. नांदेड येथील हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात टाळेबंदीमुळे अडकलेले हजारो यात्रेकरू त्याच महिन्याच्या अखेरीस पंजाबला परतले आणि त्यांतील अनेकांना बाधा असल्याचे तेथे निष्पन्न झाले. यामुळे 'रोग बाहेरून येतो' ही समजूत पक्की झाली. ती पूर्णतः चुकीची नव्हती, परंतु तिने गावाचे लक्ष वेशीकडे खिळवून ठेवले. विषाणू गावात शिरल्यानंतर काय करावयाचे याचा विचार मागे पडला.

साथीला शिवेबाहेर घालविण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची प्रथा सर्वज्ञात आहे. प्लेगच्या काळात तर दख्खनमधील गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत. मात्र त्या वेळी घर सोडत असत ते निरोगी लोक, कारण प्लेगचा धोका घरातील उंदीर व त्यांच्यावरील पिसवा यांच्यापासून होता. कोविडमध्ये धोका माणसाच्या श्वासात होता. त्यामुळे रानात कोणी जावयाचे याचे उत्तर नेमके उलट होते. पूर्वजांचा उपाय जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

'सामाजिक अंतर' या शब्दप्रयोगाविषयीही येथे नोंद करावीशी वाटते. ज्या समाजात वेशीबाहेरची वस्ती हे शतकानुशतकांचे वास्तव आहे, तेथे हा शब्द निर्दोष राहू शकत नाही. 'शारीरिक अंतर' हाच शब्द अधिक योग्य होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच त्याला पसंती दिली, पण आपल्याकडे पहिलाच शब्द रूढ राहिला.

भोसी येथील शेत विलगीकरण :

नांदेड जिल्ह्यातील भोकर तालुक्यात सुमारे ६ हजार लोकवस्तीचे भोसी हे गाव आहे. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या काळात तेथे एक विवाह समारंभ झाला व त्यानंतर एक मुलगी बाधित आढळली. आठवडाभरात आणखी पाच जण बाधित निघाले. जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर यांनी पुढाकार घेऊन ग्रामपंचायत व आरोग्य विभाग यांच्या साहाय्याने गावातच तपासणी शिबिर घेतले. जलद अँटिजेन व आरटीपीसीआर अशा दोन्ही चाचण्या करण्यात आल्या. त्यात ११९ जण बाधित असल्याचे स्पष्ट झाले. सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी आपापल्या शेतात जाऊन राहावे असे ठरले. ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी भोसीकर यांच्या शेतातील ४० बाय ६० फुटांच्या शेडमध्ये सोय करण्यात आली. आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका व आशाताई दररोज शेतांवर जाऊन रुग्णांची विचारपूस करीत. जेवण व औषधे जागेवर पोहोचत. १५ ते १७ दिवसांनी तपासणी होऊन ही माणसे घरी परतली आणि त्यानंतर सुमारे दीड महिना गावात नवा रुग्ण आढळला नाही.

हा प्रयोग यशस्वी का झाला, याची वैद्यकीय कारणे उघड आहेत. उघड्या रानात तुषार विरून जातात आणि घरातील वृद्ध बाधिताच्या श्वासापासून दूर राहतात. ११९ बाधित साठ-सत्तर घरांत विखुरलेले मानले व घरटी पाच माणसे धरली, तरी सुमारे दोनशे निरोगी माणसांच्या अंथरुणाशेजारून विषाणू हलविला गेला, असा हिशेब निघतो. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते याहून महत्त्वाचे कारण सांस्कृतिक आहे. या भागात शेतातील आखाड्यावर राहणे ही नित्याची बाब आहे. पिकाची जागल करण्यासाठी, जनावरांसाठी, हळद शिजविण्याच्या दिवसांत माणसे आखाड्यावर मुक्काम करतात. त्यात कसलाही कमीपणा नाही. याउलट तालुक्याच्या कोविड केंद्रात जाण्याची लोकांना धास्ती होती. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी कुजबुज गावोगाव चालत असे. त्या भीतीपोटी कित्येकांनी ताप अंगावर काढला किंवा 'टायफॉइड आहे' असे म्हणत वेळ दवडला. भोसीत तपासणीनंतर होणारी पाठवणी ओळखीच्या जागी होती, म्हणून माणसे तपासणीस पुढे आली. शिवाय जेवण कोण आणणार, विचारपूस कोण करणार आणि किती दिवसांनी परत यावयाचे, या तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. २०२० मध्ये वेशीवर अडविलेल्या अनेक मजुरांना यांपैकी एकीचाही भरवसा नव्हता. बाहेरून पाहता दोन्ही प्रसंगी माणूस रानातच होता.

ऋतूचाही वाटा मोठा होता. रब्बीची ज्वारी व हरभरा निघून गेल्याने रान मोकळे होते आणि झाडाखाली खाट टाकता येत होती. हीच साथ मृगाच्या पावसानंतर आली असती तर काळ्या मातीतील पाणंद रस्त्यांनी आशाताईंना रोज शेत गाठणे अशक्यप्राय झाले असते. अर्थात एप्रिल-मे मधील चाळीस अंशांवरचे ऊन तापाच्या रुग्णास सोसण्याजोगे नसते. त्यामुळे ज्याच्या शेतात विहीर व सावली, त्यालाच हा उपाय खऱ्या अर्थाने उपलब्ध होता.

प्रयोगाच्या मर्यादा :

पहिली मर्यादा भूमिहीनांची. भोसीत एका सदस्याचे शेड उपलब्ध झाले, पण असे शेड प्रत्येक गावात मिळेलच याची हमी नाही. १६ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने ग्रामीण भागासाठी दिलेल्या सूचनांत शाळा, समाजमंदिर, पंचायत इमारत येथे ३० खाटांचे केंद्र उभारण्याची तरतूद होती. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. त्याच महिन्यात राज्य शासनाने १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. घरातील विलगीकरण फसते याची ती शासकीय कबुलीच म्हणावी लागेल. जून २०२१ मध्ये 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा जाहीर झाली व प्रत्येक महसूल विभागात पहिल्या गावास ५० लाख रुपयांचे बक्षीस ठेवण्यात आले. हेतू चांगला होता. तथापि रुग्ण नसण्याला बक्षीस ठेवले की रुग्ण न शोधण्याकडे कल वाढण्याचा धोका असतो. भोसीने नेमके उलट केले, म्हणजे आधी ११९ रुग्ण शोधून काढले.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. पुरुष रुग्ण आखाड्यावर सहज राहतो. स्त्रीस मात्र शौचाची सोय, रात्रीची सोबत व घरी राहिलेल्या लेकरांची काळजी असे तीन प्रश्न एकदम पडतात. या प्रश्नांची उकल ज्यांच्यावर सोपविली गेली त्या आशाही स्त्रियाच होत्या. राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध १५ जून २०२१ पासून संप केला, तेव्हा कोठे त्यांच्या मानधनात मासिक १ हजार रुपयांची वाढ व ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला.

लातूर व नांदेड या शहरांना तर हा उपाय लागूच पडत नाही. शिकवणीसाठी खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या, दाटीची मोहल्ले-वस्ती, दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणारे नळाचे पाणी अशी तेथील स्थिती. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात 'वारंवार वीस सेकंद हात धुवा' ही सूचना ऐकताना गृहिणीच्या मनात आधी घागरींचा हिशेब होत असणार.

सर्वांत कठीण प्रश्न गंभीर रुग्णाचा. शेतातील विलगीकरण केवळ सौम्य आजारापुरते आहे. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा गेला की प्राणवायूची खाट हवी, आणि किनवट-माहूरच्या माणसासाठी नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. मे २०२० मध्ये तत्कालीन पालकमंत्री अशोक चव्हाण यांना बाधा झाली, तेव्हा त्यांना उपचारासाठी नांदेडहून मुंबईस नेण्यात आले. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे ९ एप्रिल २०२१ रोजी कोविडच्या आजारातच निधन झाले. साथ सरल्यानंतर, ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी, विष्णुपुरीच्या याच रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले व त्यांत निम्म्याहून अधिक अर्भके व बालके होती. औषधे व मनुष्यबळ यांच्या तुटवड्याची चर्चा तेव्हा पुन्हा झाली. आसपासच्या जिल्ह्यांतून व तेलंगणाच्या सीमाभागातूनही रुग्ण याच रुग्णालयात येतात.