बूट, काठी आणि दुकानाची निवड

पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव. येथील ज्येष्ठांना फिरण्यासाठी बूट, आधाराची काठी किंवा व्यायामाचा रबरी पट्टा हवा असेल, तर एक वाट पेणच्या बाजारपेठेकडे जाते आणि दुसरी पनवेल-नवी मुंबईतील मोठ्या दालनांकडे. अनेक घरांत मुंबईला नोकरीस असलेली मुले मोबाइलवरूनच वस्तू मागवून देतात. भावना चांगली असते. पण ज्याच्या पायासाठी बूट घेतले, तो पाय खरेदीच्या वेळी हजर नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. सैल बूट किंवा चुकीच्या उंचीची काठी मात्र याच प्रयत्नात पडण्याचे कारण ठरू शकते. म्हणून किमतीआधी विचारावे : ही वस्तू शरीरावर बेतून घ्यावी लागते का?

बुटांच्या बाबतीत उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. दिवसभरात पायांना थोडी सूज येते, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दोन्ही बूट घालून उभे राहावे, दुकानात चालून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी आणि टाच निसटू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर बूट चावल्याचे कळत नाही. अशा वेळी सोबतच्या व्यक्तीने नवे बूट उतरवल्यावर लाल डाग तपासावेत.

काठीची मूठ, नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहिल्यावर, मनगटाच्या घडीपाशी यावी. एक पाय दुखत असेल, तर काठी सामान्यतः विरुद्ध हातात धरतात. टोकाचे रबरी बूच झिजले, की कोकणच्या पावसात ओल्या फरशीवर काठी सरकते. ते बूच सहज बदलून मिळणे, हा जवळच्या दुकानाचा मोठा लाभ होय. नातवंडांबरोबर खेळायच्या बॅडमिंटन रॅकेटचे गटिंग करून देणारा दुकानदारही असाच उपयोगी.

मोठ्या दालनांचेही गुण आहेत. तेथे मापे अधिक असतात, रुंद पावलांचे बूट मिळण्याची शक्यता जास्त असते आणि वस्तू बदलून देण्याचे नियम बहुधा लिखित असतात. छोट्या दुकानात हवे ते माप नसेल, तर 'वापरून सैल होतील' या शब्दावर घट्ट बूट घेऊ नयेत. व्यायामाचा पट्टा, चेंडू, शटलकॉक अशा ठरावीक वस्तू किंमत पाहून कोठूनही घ्याव्यात. पट्ट्याला भेगा पडल्यास मात्र तो टाकून द्यावा.

दुकान कोणतेही असो, बिल अवश्य घ्यावे. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्याहून अधिक पैसे देऊ नयेत. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मुलांनी भेट जरूर द्यावी. परंतु खोके पाठवण्याऐवजी सुट्टीच्या दिवशी आईवडिलांना दुकानात न्यावे. ते शक्य नसेल, तर पैसे पाठवून शेजारच्या जाणत्या माणसाला सोबत जाण्याची विनंती करावी.