मधुमेहाला गावाची वेस



मधुमेह हा शहरातल्या बैठ्या लोकांचा आजार, अशी समजूत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत अजून ऐकू येते. ती खरी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत खेड्यांतल्या दर शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना मधुमेह आढळला.

कारणे आपल्या रोजच्या राहणीतच आहेत. नांगरणीला ट्रॅक्टर आला, शेतावर जायला मोटारसायकल आली. ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. वर गोड चहा, दारू आणि खर्रा. रक्तातली साखर अंगी लावणारा शरीरातला रस म्हणजे इन्शुलिन. तंबाखूतल्या निकोटीनमुळे तो नीट काम करीत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, तो वेगळाच.

"उद्यापासून सोडतो" म्हणणारा एकटा माणूस फार दिवस टिकत नाही. पानठेला वाटेवरच असतो आणि सोबती पुडी पुढे करतात. सवय गावाची, तर उपायही गावानेच करावा.

त्याचा धडा आपल्याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने दारू बंद केली. लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानात गावोगावच्या स्त्रिया दारू आणि तंबाखूच्या विक्रीविरुद्ध उभ्या राहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली ती उठली. सरकारचा निर्णय बदलू शकतो. गावाने केलेला ठराव पाळणे गावाच्याच हाती असते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत एवढे ठरवा: शाळेजवळ आणि सभेत खर्रा नाही. लग्नात, तेरवीत दारू नाही. सामुदायिक चहात साखर निम्मी. शेतीचे काम नसेल त्या दिवसांत रोज अर्धा तास सर्वांनी मिळून चालणे. घरी भात थोडा कमी करून डाळ आणि रानभाजी वाढवा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त भरली तर डॉक्टरांना दाखवा. सुरू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

ठराव करताना बायाबापड्यांना मागे बसवू नका. घरातल्या आजाराचा भार आधी त्यांच्याच खांद्यावर येतो.