कल्पित नगरीचा कारभारी

सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्यांचा खेळ मांडायचा, आणि त्या खेळात मांडणाऱ्याची सत्ता मात्र निरंकुश ठेवायची, या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि ‘सायबरपंक’ या नावाचा विज्ञानकथेचा प्रवाह सर्वांच्या तोंडी झाला. शासनसंस्था दुबळी झालेली, खरी सत्ता बलाढ्य कंपन्यांच्या हाती गेलेली, आणि काही कफल्लक पण हिकमती माणसे संगणकाच्या जाळ्यात शिरून तिला शह देत असलेली, असे त्या कथांचे जग. १९८८ मध्ये माइक पाँडस्मिथ या अमेरिकन रचनाकाराने याच जगावर ‘सायबरपंक’ नावाचा भूमिका-खेळ तयार केला. अशा खेळात पटावरच्या सोंगट्या घरी पोचवून डाव जिंकायचा नसतो. प्रत्येक खेळाडू एखादे पात्र होतो, त्याच्या तोंडून बोलतो, आणि एक सूत्रधार त्याच्यापुढे प्रसंग उभे करतो.

मेजाभोवती पाचसहा मित्र बसलेले असतात तोवर प्रश्न उद्भवत नाही. सूत्रधाराने अन्याय केला तर मित्र त्याला तोंडावर सुनावतात आणि पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या घरी डाव मांडतात. परंतु हाच खेळ संगणकाच्या जाळ्यावर गेला की शेकडो अनोळखी माणसे रात्रंदिवस ये-जा करू लागतात. त्यांच्यात देवघेव, मैत्री, वैर निर्माण होते, आणि पाहता पाहता खेळाची वस्ती बनते. या वस्तीत कोणाला घ्यावे, कोणाला हाकलावे, कोणाचे लिखाण पुसून टाकावे, याची किल्ली ज्याच्या हाती असते, तो तेथला मालक, न्यायाधीश आणि कोतवाल एकाच वेळी असतो. कथेत ज्या बेजबाबदार सत्तेचा धिक्कार करायचा, नेमकी तीच अशी मागील दाराने आत येते.

या कारभाराचा एक मोठा धडा लुकासफिल्म कंपनीच्या ‘हॅबिटॅट’ने दिला. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर यांनी १९८५ च्या सुमारास उभारलेली ही नगरी ‘कमोडोर ६४’ या घरगुती संगणकावर, टेलिफोनच्या तारेमार्फत खेळली जाई. तिची प्रेरणाही संगणकवीरांच्या विज्ञानकथांची, विशेषतः व्हर्नर व्हिन्जी यांच्या ‘ट्रू नेम्स’ची होती. आपण योजना आखाव्यात आणि नगरजनांनी त्या पार पाडाव्यात, अशी रचनाकारांची समजूत होती. आठवडेच्या आठवडे खपून त्यांनी शंभर स्थळांचे एक बेट रचले. तेथील कोडे कित्येक दिवस पुरेल, असा त्यांचा अंदाज होता. एका खेळाडूने त्यातील मर्म पंधरा मिनिटांत हेरले आणि आठ तासांत ते सोडवले. बऱ्याच जणांना त्यात भाग घेण्याचीही संधी मिळाली नाही. पुढे, एका यंत्रातून स्वस्तात घेतलेली वस्तू दुसऱ्या यंत्राला चढ्या भावाने विकता येते, हे काही चतुरांच्या ध्यानात आले, आणि एका रात्रीत नगरीतील चलन पाचपट झाले. मौज अशी की त्याच पैशातून त्यांनी इतरांसाठी खजिनाशोधाचे खेळ स्वतःहून भरवले.

नगरीत शस्त्रे होती, चोरीही करता येत होती. काहींना त्यातच गंमत वाटे, तर काहींना तो निव्वळ छळ वाटे, आणि मतमोजणीत नगर जवळजवळ निम्मेनिम्मे विभागले गेले. तेव्हा वेशीच्या आत बंदी आणि बाहेरच्या रानात मुभा, अशी तडजोड झाली. पुढे शेरीफची निवडणूकही झाली. सारे काही वरून बारकाईने आखणे अशक्य आहे, हा निष्कर्ष रचनाकारांनी स्वतःच नंतर लिहून ठेवला.

मग कारभाऱ्याने हात झटकून मोकळे व्हावे काय? तेही करून झाले आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये ‘लॅम्डामू’ ही वस्ती सुरू केली. ती सायबरपंक कथेची नव्हती. कर्टिस यांच्या स्वतःच्या घराच्या नमुन्यावर ती केवळ शब्दांनी बांधलेली होती. तेथील व्यवस्थापकांना ‘मांत्रिक’ म्हणत. रोजच्या तंट्यांना कंटाळून त्यांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले, की यापुढे आम्ही फक्त यंत्र चालू ठेवू, न्यायनिवाडा तुमचा तुम्ही करा.

त्यानंतर काही महिन्यांतच एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने भर दिवाणखान्यात सर्वांसमक्ष घडवून आणली. पात्रे कल्पित होती, पण अपमान खरा होता. त्यांतील एक स्त्री निषेध लिहिताना प्रत्यक्षात अश्रू ढाळीत होती, असे ज्युलियन डिबेल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नमूद केले आहे. नगरजनांची सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, निर्णय मात्र झाला नाही. अखेर एका मांत्रिकाने, कोणीही अधिकार दिलेला नसताना, अपराध्याचे खाते गुपचूप नष्ट केले. न्याय झाला असेल, पण न्यायालय नव्हते. यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू केली. तरीही १९९६ मध्ये मांत्रिकांना कबूल करावे लागले, की निव्वळ तांत्रिक आणि निव्वळ सामाजिक असे निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आणि त्यांनी अधिकार पुन्हा हाती घेतले.

या दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच आहे. किल्ली टाकून देता येत नाही, कारण यंत्र कोणाच्या तरी हाती राहणारच. ती कशी वापरावी, हे मात्र ठरवता येते. पात्राने पात्राला फसवणे हा सायबरपंक खेळाचा प्राण आहे. परंतु पात्राच्या आडून माणसाला दुखावणे म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. हकालपट्टी करायची तर कारण सांगावे, दाद मागण्याची सोय असावी, आणि चालक स्वतःही पात्र म्हणून खेळत असेल तर स्वतःच्या तंट्यात त्याने निवाडा करू नये.

यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. सहकारी पतपेढीची वार्षिक सभा किंवा वर्गातील मुलांचे भांडण ज्यांनी निस्तरले आहे, त्यांना हे सर्व ठाऊकच आहे. परंतु आज आपले विद्यार्थी डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी नेमक्या अशाच वस्त्या बसवतात, चालवतात आणि मोडतातही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन गुणांसाठी पाठ केलेला सत्ताविभाजनाचा धडा तेथे सोळा वर्षांच्या मुलाला एका रात्रीत प्रत्यक्ष सोडवावा लागतो. ‘वेळ फुकट घालवतोस’ असे म्हणून आपण तो विषय संपवतो. त्याऐवजी त्याला एकच प्रश्न विचारून पाहावा : तुझ्या नगरीत तू चुकलास, तर तुला कोण अडवते? उत्तर देण्यापूर्वी तो क्षणभर थांबला, तर त्या खेळातून तो काही शिकत आहे असे खुशाल समजावे.