जुन्या होडीला आउटबोर्ड इंजिन लावायचंय? हॉर्सपॉवरच्या आधी मागची फळी मोजा

नाशिकला समुद्र नाही, पण पाणी कमी नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, गिरणा अशी धरणं जिल्ह्यात आहेत आणि जलाशयांत मासेमारी चालते. आमच्या ओळखीच्या एका काकांची अशीच एक १६ फुटी फायबरची होडी आहे. अलिबागकडून सेकंडहँड आणलेली, वीसेक वर्षं जुनी. वय झालं, पहाटे जाळी काढायला तासभर वल्हं मारणं जमेना, म्हणून त्यांनी इंजिन लावायचं ठरवलं. माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी डिग्री मेकॅनिकलची, त्यामुळे मोजमापं आणि गणित माझ्याकडे आलं.

काकांचा पहिला प्रश्न होता, "किती हॉर्सपॉवरचं घेऊ रे?" सगळे इथूनच सुरुवात करतात. पण जुन्या होडीत हा प्रश्न शेवटी येतो. आधी बघायचं ते होडीच्या मागच्या फळीकडे. या फळीला ट्रान्सम म्हणतात.

ट्रान्समवर नेमका किती जोर येतो?

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर, मागच्या फळीला टांगलेलं इंजिन. अमेरिकेत ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ च्या सुमारास ते बाजारात लोकप्रिय केलं आणि मूळ रचना आजही तीच आहे: वर इंजिन, मध्ये उभा शाफ्ट, खाली पंखा. पंखा खालून होडीला पुढे ढकलतो, तेव्हा इंजिनाचा क्लॅम्प फळीचा वरचा काठ मागे ओढत असतो. म्हणजे ही फळी नुसतं वजन पेलत नाही, ती सतत पिळली जाते.

साधा हिशोब करू. ९.९ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७,४०० वॅट. पंख्यातून त्यातली निम्मी ताकद कामी आली आणि होडी ताशी १० किमीने चालली, तर ढकलणारा जोर येतो साधारण १३० किलोचा. हा जोर फळीच्या वरच्या काठापासून अर्धा मीटर खाली लागतो. म्हणजे फळीला १ मीटर लांबीची पहार जोडायची आणि तिच्या टोकाला ६५ किलोचा माणूस लोंबकळवायचा, तेवढा पीळ. वल्ह्यासाठी बनलेल्या होडीच्या फळीने हे कधी सोसलेलंच नसतं.

फळी आतून कुजली आहे का?

फायबरच्या होडीत ही फळी म्हणजे दोन फायबर थरांच्या मध्ये प्लायवूड. जुन्या स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फळी आतून भुसा झालेली असते. तीन सोप्या तपासण्या आहेत:

• हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर शंका घ्या.
• आतल्या बाजूने, खालच्या भागात ड्रिलने छोटं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट हवा. काळा, ओला आला तर फळी गेली.
• दोघांनी फळीचा वरचा काठ धरून जोरात मागे ओढा. कोपऱ्यातल्या सांध्यांना केसासारखी चीर दिसली, तर तिथेच थांबा.

काकांच्या होडीत खालच्या वीतभर भागातून काळा चिखल आला. असं लाकूड वरून रंग मारून दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं.

शाफ्ट: १५, २० की २५ इंच?

चार्जरची पिन फोनला बसली पाहिजे, तसा इंजिनाचा शाफ्ट फळीच्या उंचीला जुळला पाहिजे. शॉर्ट शाफ्ट साधारण १५ इंच, लाँग २० इंच आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंच. फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत, मधोमध, टेप लावून मोजायचं.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, तिला अँटी-व्हेंटिलेशन प्लेट म्हणतात. ती होडीच्या तळाच्या जवळपास रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. खूप वर राहिली तर पंखा वरची हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी हलत नाही. खूप खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो, पेट्रोल वाया जातं आणि उन्हाळ्यात धरण आटलं की पंखा दगडाला लागतो.

काकांची फळी भरली १७ इंच. म्हणजे शॉर्ट शाफ्टला दोन इंच जास्त आणि लाँग शाफ्टला तीन इंच कमी. काठ कापून १५ इंच करणं सोपं होतं, काहींनी तसं सुचवलंही. पण मागचा काठ हीच होडीची सगळ्यात खालची कडा असते. चालती होडी एकदम थांबवली की तिचीच लाट मागून येऊन धडकते, आणि काठ खाली असेल तर तीच लाट आत शिरते. फळी नाहीतरी बदलायचीच होती, म्हणून ती २० इंच केली. लाकूड थोडं जास्त लागलं आणि तीन इंचांची सुरक्षितता मिळाली.

नवी फळी कशी बसवली?

काम फायबरच्या कारागिरानेच केलं. आतला थर कापून कुजलेलं लाकूड पूर्ण काढलं, बाहेरचा थर तसाच ठेवला आणि होडी नीट वाळू दिली. मग १९ मिमीच्या दोन प्लाय एपॉक्सीने एकमेकांना चिकटवून ३८ मिमीची फळी तयार केली. प्लाय घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, शिक्क्यावर आयएस ७१० आहे का ते बघा. मरीन प्लायचं भारतीय मानक ते आहे.

दोन गोष्टी टाळू नका. एक, फळी दोन्ही बाजूंना आणि तळाला त्रिकोणी आधारांनी बांधून घ्या, म्हणजे पीळ एकट्या फळीवर न राहता सगळ्या होडीत वाटला जातो. दोन, बोल्टची भोकं आधी मोठी पाडून एपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. मग लाकडाला पाणी दिसतच नाही. फायबर घासताना मास्क आणि चष्मा हवाच.

इथे मोबाइल कामाला येतो. फोनमधलं लेव्हल ॲप होडी सपाट ठेवून फळीला टेकवा आणि तिचा कल मोजा. बहुतेक आउटबोर्ड १२ ते १४ अंश मागे झुकलेल्या फळीसाठी बनवलेले असतात. फळी अगदी उभी असेल तर मध्ये पाचर लागते.

आता हॉर्सपॉवर

पाणी कापत चालणाऱ्या, जाळ्यांनी भरलेल्या होडीला वेगाची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १५ फुटांसाठी ते सुमारे ५.२ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किमी. त्यापुढे होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. जास्त ताकद दिली की नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळतं. हलक्या, सपाट तळाच्या होड्या ही मर्यादा ओलांडून पाण्यावर तरंगत धावतात, पण ओल्या जाळ्यांसकट नाही.

म्हणून २५ किंवा ४० हॉर्सपॉवरचा विचार आम्ही सोडला. इंजिनाचं वजनही बघायचं होतं. खरेदीआधी आम्ही एक चाचणी केली: फळीपाशी वाळूचं ५० किलोचं पोतं, चालवणाऱ्याच्या जागी काका, पेट्रोलच्या टाकीच्या जागी पाण्याचा कॅन. बाजूने फोटो काढले आणि पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजलं. तुम्ही ही चाचणी करा आणि अंतर कमी वाटलं, तर लहान इंजिन घ्या किंवा टाकी पुढे सरकवा. आमची निवड ९.९ वर थांबली.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक हलका, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, म्हणून अनेक मच्छीमार तोच पसंत करतात. पण जुन्या कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये जवळजवळ पाव हिस्सा इंधन न जळताच, ऑइलसकट, पाण्यात जातं. गंगापूरसारख्या धरणाचं पाणी नाशिककर पितात. शिवाय जिथे ऑइल सोडायचं, त्याच पाण्यातले मासे विकायचे. फोर-स्ट्रोक जड आणि महाग आहे, पण पेट्रोल कमी पितो. काकांना रोजच्या खर्चाचा हा मुद्दा पटला आणि फोर-स्ट्रोक ठरला.

नाशिकची उंची विसरू नका

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद साधारण ६ टक्के घटते. इंजिनासोबत आलेला पंखा जड पडू शकतो. फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलमधल्या मर्यादेपर्यंत पोचत नसेल, तर पिच एक इंच कमी असलेला पंखा लावा; साधारण २०० आरपीएम वाढतात. चढावर सायकलचा गिअर बदलावा तसंच हे. वेग मोजायला फोनचा जीपीएस पुरतो, फक्त जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्या, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो.

जलपर्णी असेल तिथे आणखी काळजी घ्या. ती थंड पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकते. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार चालू आहे का, याकडे लक्ष ठेवा. धार थांबली की इंजिन लगेच बंद करा.

कागदपत्रं आणि जीव

इंजिन लावलं की वल्ह्याची होडी यांत्रिक नौका होते. देशातल्या अंतर्गत पाण्यासाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आहे. नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आणि जलाशयासाठी जलसंपदा विभागाकडे आधी विचारा, पैसे नंतर भरा. लाइफ जॅकेट घाला आणि किल स्विचची दोरी मनगटाला बांधा. माणूस पाण्यात पडला तर इंजिन त्या दोरीनेच बंद होतं.

दुकानात जाण्याआधी मोबाइलमध्ये हे लिहून ठेवा

१. फळीची उंची, इंचांत
२. फळीची जाडी आणि कल
३. ठोकून, ड्रिल करून काय निघालं
४. पाण्याला टेकलेली लांबी
५. वजन ठेवल्यावर मागचा काठ पाण्यापासून किती वर राहिला

हे पाच आकडे हातात असले की दुकानदाराला "किती हॉर्सपॉवरचं घेऊ?" असं विचारावं लागत नाही. आणि पाचव्या आकड्याला दुकानदाराने "चालतंय हो" म्हटलं, तरी ऐकू नका.