युफोनियम घेताय? आधी मुलाला खुर्चीत बसवा!

आपल्या वरातीच्या बँडमध्येही दिसणारे हे पितळी वाद्य अल ऐनमध्ये मुलासाठी घ्यायचे असेल, तर दुकानदार 'कॉम्पेन्सेटिंग' सुचवेल. चौथा व्हॉल्व्ह इतरांबरोबर दाबला की नळी अपुरी पडून स्वर चढतात. यात जादा नळी आपोआप जोडली जाते. डेव्हिड ब्लेकली यांची ही युक्ती १८७४ ची.

पण वजन साधारण ४-५ किलो, शिवाय चौथा व्हॉल्व्ह बहुधा बाजूला, डाव्या हाताला. म्हणून मुलाला ताठ बसवून पाहा: मान न वाकवता ओठ माउथपीसला टेकतात का? डावा हात पोचतो का? वाद्य खाली राहिले तर मांडीवर उशी चालेल. हातच पोचत नसेल, तर तीन व्हॉल्व्हचे साधे घ्या. सुरुवातीला तेवढे पुरते, पैसेही वाचतात.

आणि हो, इथल्या उन्हाळ्यात वाद्य गाडीत ठेवू नका!