कबर नाही, नाव आहे
(लेखमाला : परदेशी मातीत, भाग 6)

मागच्या भागानंतर एका वाचकाने विचारलं, "माणगावच्या यशवंत घाडगेंची इटलीत कबर नेमकी कुठे आहे?" उत्तर सरळ आहे. कबर नाही.

10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण चढाई करत होती. नाईक घाडगेंच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे जण मेले किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरलं नाही हे कळत असूनही ते एकटे शत्रूच्या मोर्च्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. मग आडून नेम धरणाऱ्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

त्यांचं नाव आहे ते तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, कासिनोच्या युद्ध दफनभूमीतल्या स्मारकावर. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांच्या अंत्यविश्रामाचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत.

ही व्यवस्था समजून घ्यायला हवी. 1917 मध्ये स्थापन झालेल्या, आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ठरवलं की मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत. कर्नल असो की शिपाई, शिळा एकसारखी. देह सापडला नाही तर नाव भिंतीवर. ज्या हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला गेला, त्यांच्यासाठी वेगळं दहन-स्मारक. इटलीतच फोर्ली आणि सांग्रो नदीकाठी अशी स्मारकं आहेत.

कागदावर नियम चोख होता. पाळला मात्र सगळीकडे सारखा गेला नाही. पहिल्या महायुद्धाचंच पाहा. फ्रान्समधल्या नव शापेलच्या स्मारकावर 4,700हून अधिक भारतीयांची नावं आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. पण मेसोपोटेमियात, जिथे मराठा पलटणी कुटच्या वेढ्यापर्यंत झुंजल्या, तिथल्या बसरा स्मारकावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. भारतीय शिपायांची पलटणवार नुसती संख्या लिहिली. माणूस गेला आणि आकडा उरला! संस्थेने 2021 च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. कबुलीला शंभर वर्षं लागली, हे मला तरी फार उशिराचं वाटतं.

घाडगेंच्या बाबतीत दोन गावांनी आठवण जपली आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जिथे ते लढले त्या भागातल्या मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभं राहिलं. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर कोरलं आहे.

आता तुमच्याकडे वळतो. घरच्या ट्रंकेत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक असेल, तर ते उजेडात धरून त्याची कड नीट बघा. बहुधा तिथे नंबर, नाव आणि पलटण कोरलेली सापडेल. कमिशनच्या नोंदींत शोधताना आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी घालून पाहा. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं.