कोयना–चांदोली परिसरातील वनभ्रमंती व शिबिरजीवन

कोयना–चांदोली परिसरातील वनभ्रमंती व शिबिरजीवन या शीर्षकाखाली महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अरण्यात होणारी पदभ्रमंती, दुर्गभ्रमण, निसर्गशिबिरे, नौकाविहार आणि तंबूतील मुक्काम यांचा समावेश होतो. या प्रदेशाचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. त्यामुळे येथील भटकंती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत राहूनच करावी लागते. पूर्वी गिर्यारोहक ज्या ठिकाणी मुक्काम करीत, तेथे आज रात्री थांबता येत नाही. शिबिरजीवन संरक्षित वनाच्या आतून त्याच्या सीमेवरील गावांकडे सरकले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाबळेश्वर येथे उगम पावणारी कोयना नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते व नंतर पूर्वेकडे वळून कराड येथे कृष्णेस मिळते. तिच्यावरील धरणामुळे निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता सुमारे 105 अब्ज घनफूट आहे. दक्षिणेस वारणा नदीवर, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात चांदोली धरण असून त्याच्या जलाशयास वसंतसागर म्हणतात. या दोन जलाशयांच्या पश्चिमेस कोकणात कोसळणारे कडे आणि पूर्वेस पठारे, अशी या प्रदेशाची सर्वसाधारण रचना आहे.

पठारांवरील जांभ्या दगडाच्या उघड्या सपाटीस स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. सड्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. पावसाळ्यात त्यावर अल्पायुषी वनस्पतींचा बहर येतो व उन्हाळ्यात तोच भाग ओसाड दिसतो. सड्याच्या उतारांवर व खोऱ्यांमध्ये सदाहरित आणि निमसदाहरित वने आहेत. जांभूळ, अंजनी, हिरडा व कारवी या तेथे नेहमी आढळणाऱ्या वनस्पती होत. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. घाटमाथ्यावरील महाबळेश्वर, नवजा व पाथरपुंज ही ठिकाणे राज्यातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांत गणली जातात.

संरक्षित क्षेत्रे

कोयना वन्यजीव अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 423 चौरस किलोमीटर आहे. चांदोली अभयारण्यही 1985 मधील असून 2004 मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 317 चौरस किलोमीटर आहे. ही दोन्ही क्षेत्रे एकत्र करून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे 600 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. उर्वरित भाग बाह्य, म्हणजे ‘बफर’ क्षेत्र होय. प्रकल्पाचा विस्तार सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत आहे.

युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतील महाराष्ट्रातील चार स्थळांपैकी कास पठार, कोयना व चांदोली ही तीन या परिसरात आहेत. चौथे राधानगरी कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

या वनांत गवा, बिबट्या, सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्रा, पिसोरी व शेकरू हे सस्तन प्राणी आढळतात. वाघांची संख्या मात्र येथे दीर्घकाळ नगण्य राहिली. 2018 मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र मिळाले, तेव्हा ती महत्त्वाची घटना मानली गेली. 2025 मध्ये ताडोबा परिसरातून एक वाघीण चांदोलीत आणून स्थानांतराच्या कार्यक्रमास आरंभ करण्यात आला. वाघांची संख्या वाढावी यासाठी गाभा क्षेत्रातील मानवी वावर मर्यादित ठेवण्यावर वन विभागाचा भर आहे.

इतिहास

घाटमाथ्यावरील तळ ही कल्पना या प्रदेशास नवी नाही. कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी वासोटा, जंगली जयगड, भैरवगड व प्रचितगड हे किल्ले उपयोगी पडत. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा वाटेवर पहारेकऱ्यांची ‘मेटे’ असत. वासोट्याच्या पायथ्याच्या ‘मेट इंदवली’ या गावाच्या नावात त्या व्यवस्थेची खूण राहिली आहे.

ब्रिटिश काळात 1828–29 च्या सुमारास जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसविण्यात आले. त्यामुळे येथील डोंगरांकडे विश्रांती व सहल यांचे स्थान म्हणून पाहण्याची दृष्टी रुजली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात दुर्गभ्रमणाची चळवळ वाढली. गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांच्या लेखनाने अनेक तरुणांना किल्ल्यांकडे वळविले. पाठीवर शिधा व अंथरूण घेऊन निघणे, तीन दगडांची चूल मांडून खिचडी शिजविणे, किल्ल्यावरील टाक्याचे पाणी गाळून पिणे आणि देवळात वा गुहेत रात्र काढणे ही त्या काळातील भटकंतीची सर्वमान्य पद्धत होती. वासोट्याजवळील नागेश्वराची गुहा हे असेच परिचित मुक्कामस्थान होते. पुढे वन्यजीव संरक्षणाचे नियम कडक झाले आणि गाभा क्षेत्रातील ही प्रथा बंद झाली.

प्रमुख ठिकाणे

वासोटा: ‘व्याघ्रगड’ या नावानेही ओळखला जाणारा हा वनदुर्ग सुमारे 1,170 मीटर उंचीवर आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावरून तोफा डागून तो जिंकला. सातारा–कास मार्गे बामणोलीस जावे लागते. तेथून लाँचने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीच्या काठावर उतरतात. तेथे वन विभागाच्या चौकीवर नोंद करावी लागते. पुढील चढण घनदाट जंगलातून असून तिला साधारणतः अडीच ते तीन तास लागतात. वाटेत एक फाटा नागेश्वराकडे जातो. गडावर मारुतीचे व महादेवाचे मंदिर, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा व पाण्याची टाकी आहेत. संध्याकाळपूर्वी परतणे बंधनकारक असल्याने ही मोहीम एका दिवसाचीच ठरते.

कास पठार: साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, सुमारे 1,200 मीटर उंचीवर हे पठार आहे. येथे सपुष्प वनस्पतींच्या 850 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बहराचा काळ असून त्या काळात प्रवेश मर्यादित ठेवला जातो. टोपली कारवी ही वनस्पती साधारणतः सात वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलते.

चांदोली: शिराळा तालुक्यातील मणदूर परिसरातून या उद्यानात प्रवेश करता येतो. ठरावीक मार्गावर वाहनातून, मार्गदर्शकासह फिरण्याची व्यवस्था असून झोळंबीचा सडा हे त्यातील प्रसिद्ध स्थळ आहे.

तापोळा व बामणोली: शिवसागराच्या काठावरील या गावांच्या परिसरात नौकाविहार, खाजगी जमिनीवरील तंबू, घरगुती निवास व कृषी पर्यटन विकसित झाले आहे. आजचे शिबिरजीवन मुख्यतः अशाच गावांत आढळते.

सागरेश्वर: सांगली जिल्ह्यातील कमी पावसाच्या टेकड्यांवरील हे सुमारे 11 चौरस किलोमीटरचे अभयारण्य वृक्षलागवडीतून उभे राहिले. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून ते साकारले. शाळांच्या एकदिवसीय सहलींसाठी ते सोयीचे आहे.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना आवश्यक असतो. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन व पर्यटन या कारणांसाठी तो दिला जातो. वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे किंवा पेटती ठेवणे, तसेच विनापरवाना शस्त्र नेणे यांस मनाई आहे. साहसी उपक्रमांच्या आयोजकांसाठी महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात नोंदणी व सुरक्षाविषयक अटी आहेत.

अरण्यात अधिकृतपणे रात्र काढण्याची एक संधी बुद्धपौर्णिमेस मिळते. त्या रात्री राज्यातील अनेक संरक्षित क्षेत्रांत निवडक नागरिकांना पाणवठ्याजवळील मचाणावर बसवून प्राण्यांच्या नोंदी घेतल्या जातात.

शिबिराची जागा व साहित्य

बाह्य क्षेत्रात किंवा खाजगी जमिनीवर तंबू लावतानाही स्थळाची निवड महत्त्वाची असते. ओढ्याचे पात्र कोरडे दिसले तरी तेथे तंबू लावू नये, कारण वरच्या भागातील पावसाने पाणी अचानक वाढू शकते. पाणवठा आणि प्राण्यांची रुळलेली वाट यांपासून अंतर राखावे. वाळलेल्या फांद्यांखालची व कड्यालगतची जागा टाळावी.

सड्यावर तंबूच्या खुंट्या नीट रुतत नाहीत. म्हणून दोऱ्या दगडांना बांधण्याचा मोह होतो. परंतु सड्यावरील सुटे दगड हे पाली, विंचू, बेडूक व फुरशासारख्या सापांचे आश्रयस्थान असतात. दगड हलविल्याने त्यांचा निवारा नष्ट होतो आणि सर्पदंशाचाही धोका वाढतो. त्यामुळे सड्यावर मुक्काम न करता गावालगतचे माळरान किंवा पडीक शेत निवडणे अधिक योग्य ठरते.

हिवाळ्यात रात्री दव व थंडी बरीच असते. उबदार अंथरूण, विजेरी, पुरेसे पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि पायाचा घोटा झाकणारे बूट आवश्यक मानले जातात. पावसाळ्यात जंगलवाटांवर जळवांचा उपद्रव असतो.

धोके व दक्षता

वणवा: फेब्रुवारी ते मे या काळात गवत वाळलेले असते. विझली असे समजून सोडलेली चूल किंवा फेकलेली विडी संपूर्ण डोंगर पेटविण्यास पुरेशी ठरते. वन विभाग आगीचा फैलाव रोखण्यासाठी जाळरेषा काढतो, परंतु वाऱ्यामुळे ठिणग्या त्या ओलांडू शकतात. गावात शिजविलेले अन्न सोबत नेणे हा सुरक्षित पर्याय आहे.

आग्या मोहोळ: कडे, गुहा व उंच झाडे यांवर ही पोळी असतात. धूर, उग्र सुगंध व गोंगाट यांमुळे मधमाश्या चवताळतात.

वन्यप्राणी: एकटा गवा किंवा पिलांसह असलेले अस्वल अचानक समोर आल्यास आक्रमक होऊ शकते. अशा वेळी न धावता हळूहळू मागे सरकावे व प्राण्याची वाट मोकळी ठेवावी.

सर्पदंश: नाग, घोणस, फुरसे व चापडा हे विषारी साप येथे आढळतात. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात न्यावे. घट्ट बांधणे, चिरणे किंवा विष शोषणे हे उपाय घातक आहेत. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. दुर्गम भागात भ्रमणध्वनीची सेवा मिळेलच असे नाही, त्यामुळे परतीची वेळ गावात सांगून जाणे हिताचे असते.

स्थानिक समाज व पर्यटन

कोयना धरणामुळे खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. तेथील कुटुंबांचे पुनर्वसन सांगली, सोलापूर, रायगड व ठाणे या जिल्ह्यांत करण्यात आले. काही कुटुंबे जलाशयाच्या वरच्या काठावर सरकून राहिली. पुढे त्यांपैकी काही गावे अभयारण्याच्या हद्दीत आली आणि त्यांच्यापुढे स्थलांतराचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला. चांदोली परिसरातील गावांनाही धरण व उद्यान या दोन्हींसाठी जागा सोडावी लागली. आज गाभा क्षेत्रात पर्यटक ज्याला निर्मनुष्य अरण्य समजतो, त्यात जुन्या घरांची जोती, देवळे व शेतीचे बांध दिसतात.

उरलेल्या गावांना नौका चालविणे, वाटाड्याचे काम, जेवण व निवास यांतून उत्पन्न मिळते. बामणोली परिसरातील बोट क्लब आणि कासच्या आसपासच्या गावांचा व्यवस्थापनातील सहभाग ही त्याची उदाहरणे होत. दुसरीकडे, कास–बामणोली मार्गावरील वाढती बांधकामे, मोठ्या आवाजातील संगीत, प्रखर दिवे व प्लास्टिकचा कचरा यांविषयी पर्यावरण अभ्यासक चिंता व्यक्त करतात. प्रवेश पूर्णपणे बंद झाल्यास गावांचे उत्पन्न बुडते आणि अनिर्बंध झाल्यास ज्या वनासाठी पर्यटक येतात त्याचीच हानी होते. या दोहोंमध्ये पर्यटकसंख्येवरील मर्यादा, स्थानिक मार्गदर्शकांची नेमणूक आणि बाह्य क्षेत्रातील लहान मुक्कामस्थाने यांद्वारे समतोल साधण्याचा प्रयत्न केला जातो.

हे सुद्धा पहा

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
चांदोली राष्ट्रीय उद्यान
कोयना अभयारण्य
वासोटा
कास पठार